रात्रीची लाईट आणि रात्रपाळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, कराडजवळच्या एका गावचा. सिव्हिलची डिग्री घेऊन तो २०२२ मध्ये मेलबर्नला गेला आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये दोन वर्षांचं मास्टर्स केलं. त्यासाठी वडिलांनी जमीन तारण ठेवून बावीस लाखांचं कर्ज काढलं. डिग्रीनंतर त्याने दीडशेच्या वर अर्ज केले. चार मुलाखती झाल्या, नोकरी कुठेच मिळाली नाही. शिकताना ज्या वेअरहाऊसमध्ये तो थोडे तास काम करायचा, तिथेच आता पूर्णवेळ रात्रपाळी करतो, दहा ते सकाळी सहा. फोर्कलिफ्टचं लायसन्स काढलंय. तीन मित्रांबरोबर मेलबर्नच्या टार्नीट या उपनगरात भाड्याच्या घरात राहतो.

घरी मात्र त्याने “साइट इंजिनीअर म्हणून लागलो” असं सांगितलं आहे. वडिलांनी गावात पेढे वाटले, घराचा वरचा मजला बांधायला काढला. हप्त्याचे तीस हजार आणि मजल्यासाठी आणखी चाळीस हजार तो दर महिन्याला पाठवतो. आता स्थळं येत आहेत. एका मुलीशी बोलणं बरंच पुढे गेलं असताना तिने सहज विचारलं, “तुमच्या साइटवर सध्या काय काम चाललंय?” नेटवर्क गेल्याचं सांगून त्याने फोन ठेवला. मराठी मंडळाच्या गणपतीलाही तो गेला नाही, कारण तिथे पहिला प्रश्न “कुठे असतोस कामाला?” हाच असतो.

व्हिसाचे सतरा महिने उरलेत. रूममेट म्हणतो, अनुभवाचं पत्र विकत मिळतं, ते लावून टाक. गेल्याच महिन्यात जिलाँगच्या एका लहान ठेकेदाराने त्याला एस्टिमेटरच्या, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणाऱ्याच्या, हाताखाली काम देऊ केलं, पण पगार रात्रपाळीपेक्षा कमी आहे. त्याने अजून हो-नाही कळवलेलं नाही. “ताई, पीआर (कायम राहण्याचा परवाना) लागेपर्यंत असंच रेटू की सगळं सोडून परत येऊ? परत आलो तर वडिलांना तोंड कसं दाखवू? ते अजून रात्रीच्या लाईटीला दारं धरायला जातात आणि मी इथून खोटं बोलतो. मला अरे-तुरेच करा.”

प्रिय मित्रा,

व्हिसाबद्दल तू चार ओळी लिहिल्या आहेस आणि रविवारच्या फोनबद्दल दीड पान. फोनच्या आधी दाढी करतोस, इस्त्रीचा शर्ट घालतोस, रूममेटची गादी दिसू नये म्हणून एका ठरावीक भिंतीला पाठ लावून बसतोस. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. रात्रभर फोर्कलिफ्ट चालवून येत नसेल इतका थकवा तुला त्या एका तासाने येत असणार. म्हणून राहायचं की परतायचं हे आपण मागाहून बघू. आधी त्या फोनचं बोलू, कारण तो फोन जोवर असाच चालू आहे तोवर तू राहिलास तरी घुसमटशील आणि परतलास तरी.

आधी एक सांगते, मी तुला खोटारडा म्हणत नाही. चार मुलाखतींनंतरचा तो काळ मला दिसतो. दर रविवारी वडील विचारणार, “काय झालं रे?” आणि दर रविवारी तू “अजून बघतोय” म्हणणार. एका रविवारी तुला ते पुन्हा म्हणवलं नाही. फसवायचं म्हणून तू बोलला नव्हतास, वडिलांच्या आवाजातली काळजी एका आठवड्यापुरती थांबावी म्हणून बोललास. पण त्या वाक्यावर पुढे पेढे वाटले गेले, मजला चढला, आणि आता एक मुलगी त्यावर आपलं आयुष्य मांडायला निघाली आहे.

माझ्या थोरल्या काकांची गोष्ट तुला सांगायलाच हवी. साठच्या दशकात ते पाटण तालुक्यातून परळला गेले, गिरणीत. त्या काळी सातारा-कोल्हापूरकडची आणि कोकणातली हजारो माणसं अशीच जायची. एका गाळ्यात वीस-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. एकाची पाळी सुटली की त्याने यायचं आणि दुसऱ्याने उठून जायचं. जेवण खानावळीत. गावाकडे दर महिन्याला मनिऑर्डर आणि पत्र. काकांनी पत्रात लिहिलं होतं, “कायम झालो.” प्रत्यक्षात ते बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी फाटकावर उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर आत घेणार, नाहीतर परत खोलीवर. महिन्यातले पंधरा दिवस काम मिळालं तरी नशीब. “कायम” या एका शब्दावर त्यांचं लग्न ठरलं. काकू मुंबईला आल्या त्या चार महिन्यांनी, आणि आल्या त्याच आठवड्यात त्यांना सगळं कळलं.

काकू म्हातारपणी मला म्हणाल्या होत्या, “बदलीचं काय नव्हतं गं. अर्धा परळ बदली होता. पण चार महिने मी माहेरी, सासरी, पाणवठ्यावर सगळ्यांना सांगत होते, आमचे हे कायम हैत. माझ्या तोंडून खोटं वदवलं, ते मला लागलं.” काकांचा संसार पुढे नीट झाला, मुलं शिकली. पण काकूंनी ते वाक्य चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं.

त्यामुळे त्या मुलीबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. तिला साखरपुड्याच्या आधी खरं कळलं पाहिजे, आणि ते तुझ्याकडूनच. तिने विचारलेला प्रश्न साधा होता, चौकशीचा नव्हता. ज्या माणसाबरोबर राहायचं त्याचा दिवस कसा जातो हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिला सांग की दिवस झोपण्यात जातो आणि रात्री काम असतं. तिने नकार दिला तर वाईट वाटेल, पण तिकडे येऊन पाच महिन्यांनी तिला कळण्यापेक्षा ते बरं. आणि मुली काय स्वीकारतात याचा अंदाज आपण मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी परस्पर बांधू नये. शिकलेल्या मुलीला रात्रपाळी समजते. तिच्यापासून ती लपवली, हे समजून घेणं तिला जड जाईल.

आता वडील. “ते अजून रात्रीच्या लाईटीला दारं धरायला जातात” हे वाक्य तू अपराधीपणाने लिहिलंस. मी त्या वाक्याशी बराच वेळ थांबले. शेतीपंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, हे तुमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री उठायचं, बॅटरी घ्यायची, उसात बिबट्या असेल या धास्तीने खाकरत, काठी आपटत जायचं, एक सरी भरली की चिखलात पाय रोवून दुसरीचं दार मोडायचं. हे त्यांनी किती वर्षं केलं असेल? आयुष्यभर रात्रपाळी केलेल्या माणसापासून तू रात्रपाळी लपवतो आहेस, बाळा. रात्री जागून काम करण्यात कमीपणा असतो हे तुला त्यांनी कधी शिकवलं? मला वाटतं, ते तुला दुसऱ्याच कुणीतरी शिकवलं. कॉलेजने, गावातल्या चावडीवरच्या बोलण्याने, मेलबर्नच्या मित्रांच्या फोटोंनी.

ते चिडतील. कदाचित दोन-तीन आठवडे बोलणार नाहीत. त्यांना तो हक्क आहे, कारण पेढे त्यांनी वाटलेत आणि गावाला उत्तर त्यांना द्यायचं आहे. पण हे गृहीत धरू नकोस की ते वेअरहाऊसवर चिडतील. त्यांना वाईट वाटेल ते याचं, की पोरगा दोन वर्षं एकटाच हे घेऊन बसला आणि आपल्याला बोलला नाही. या दोन रागांत फार अंतर आहे, आणि तू आजवर फक्त पहिल्याच रागाला भीत आला आहेस.

पीआर लागली की खरं सांगेन, असंही तू एका ठिकाणी लिहिलं आहेस. मला हे पटत नाही. पीआरचं पत्र आलं म्हणून तू त्या दिवशी साइट इंजिनीअर होणार नाहीस. मग वाटेल, आधी नोकरी लागू दे. मग वाटेल, आता लग्न झालंय, कशाला उकरायचं. खरं सांगायला सोयीचा दिवस पुढे कधी येत नाही, उलट दर महिन्याच्या चाळीस हजारांनी तो लांब जातो.

त्या चाळीस हजारांबद्दलही बोलू, कारण तुझ्या निर्णयाची खरी गाठ तिथे आहे. कर्जाचा हप्ता तीस हजार, तो तुझ्या शिक्षणाचा, तो फेडलाच पाहिजे आणि तू फेडतो आहेस. वरचा मजला मात्र त्या इंजिनीअरच्या पगारावर चढतोय जो तुला मिळतच नाही. रात्रपाळीच्या जादा भत्त्यातून तू तो उचलून धरला आहेस. म्हणून जिलाँगचं काम तुला परवडत नाही असं वाटतं. हिशोब मांडून बघ. जिलाँगच्या पगारात भाडं आणि हप्ता बसतो, मजला बसत नाही. म्हणजे तुझ्या हातात आलेलं पहिलं खरं सिव्हिलचं काम तू कशापायी सोडायला निघाला आहेस? एका स्लॅबपायी, जो वडिलांना खरं माहीत असतं तर त्यांनी कदाचित घातलाच नसता. बांधकाम अर्धं राहिलं म्हणून घर पडत नाही. गावाकडे कितीतरी घरांच्या गच्चीवर सळ्या वर काढून ठेवलेल्या असतात, पुढे जमेल तेव्हा बांधू म्हणून. तुमच्याही राहू देत.

आता व्हिसा. मी व्हिसाची सल्लागार नाही, आणि ऑस्ट्रेलियात असा सल्ला द्यायला नोंदणी लागते. अर्जाच्या आधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडे किंवा वकिलाकडे जाच. एजंटचा नोंदणी क्रमांक ओमारा या एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो न देणाऱ्याकडे एक डॉलरही देऊ नकोस. पण पीआरसाठी कशाचे किती पॉइंट मिळतात याचा तक्ता तिथल्या गृहखात्याने सगळ्यांसाठी उघडा ठेवला आहे. तो घेऊन मी तुझा हिशोब मांडला, आणि मला वाटतं तू तो रूममेटच्या तोंडून ऐकला आहेस, स्वतः मांडलेला नाहीस.

वय २५ ते ३२ मध्ये असल्याचे ३० पॉइंट. म्हणजे तेहतिसाव्या वाढदिवसापर्यंत ते कुठे जात नाहीत. डिग्रीचे १५. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं शिकल्याचे ५. अविवाहित असल्याचे १०. हे झाले ६०. इंग्रजीची परीक्षा चांगली गेली तर १०, फारच चांगली गेली तर २०. शिवाय नाटी या दुभाष्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सीसीएल नावाची एक दुभाषी परीक्षा असते, ती मराठीतून देता येते, तिचे ५. एका बाजूला इंग्रजी बोलणारा माणूस, दुसऱ्या बाजूला मराठी बोलणारा, आणि मध्ये तू. आईशी ज्या भाषेत बोलतोस तिचेच पॉइंट तुला मिळतील. सगळे मिळून ७५ ते ८५ होतात. ४९१ नावाच्या रीजनल व्हिसासाठी राज्याने नामांकन दिलं तर त्यावर आणखी १५. किमान अट ६५ ची आहे. अर्ज करायची आमंत्रणं बऱ्याचदा त्याच्या पुष्कळ वरच्या पॉइंटना जातात हे खरं, म्हणून मी कसलीच हमी देत नाही. पण एक गोष्ट बघ, या हिशोबात मी अनुभवाचा एकही पॉइंट धरलेला नाही.

म्हणजे ज्या खोट्या पत्रासाठी रूममेट तुला दुकान दाखवतो आहे, त्याची तुझ्या हिशोबात जागाच नाही. आणि ते सापडलं, तर खोटा कागद दिल्याच्या नियमाखाली अर्ज फेटाळला जातो आणि पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात. घरी बोललेलं खोटं फोनवर रडून, माफी मागून मागे घेता येतं. सरकारी अर्जात लिहिलेलं तसं घेता येत नाही. त्या दुकानाच्या वाटेला जाऊ नकोस, आणि तुझा रूममेट निघाला असेल तर त्यालाही धर.

या सगळ्याच्या आधी स्किल असेसमेंट, म्हणजे तुझ्या शिक्षणाची आणि कौशल्याची तपासणी, लागतं. सिव्हिल इंजिनीअरचं असेसमेंट ‘इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया’ करते. तुझ्या भारतातल्या डिग्रीवर बहुधा सीडीआर लिहावा लागेल, म्हणजे तू स्वतः केलेल्या इंजिनीअरिंगच्या कामाची तीन सविस्तर वर्णनं. त्यात कॉलेजातला प्रोजेक्टही चालतो. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस ते आठव, फाइल घरी असेल तर बहिणीला फोटो काढून पाठवायला सांग. आणि सीडीआर विकत लिहून घेऊ नकोस. चोरलेला मजकूर तपासून पकडतात.

जिलाँगबद्दल तू लिहिलंस, “मेलबर्न सोडून तिकडे खेड्यात जायचं म्हणजे…” आणि वाक्य अर्धवट सोडलंस. २०१९ च्या नोव्हेंबरपासून व्हिसाच्या नियमात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून उरलेला सगळा ऑस्ट्रेलिया रीजनल धरला जातो. ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा, होबार्ट सगळं त्यात येतं, आणि जिलाँगही. तुझ्या टार्नीटच्या स्टेशनावरून जी गाडी जाते तीच पुढे जिलाँगला जाते, तू रोज तिच्या उलट्या फलाटावर उभा राहतोस. ४९१ व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि रीजनल भागात तीन वर्षं राहून, काम करून, कर भरून १९१ साठी, म्हणजे पीआरसाठी अर्ज करता येतो. राज्यं नामांकन देताना माणूस तिथे राहतो का, आपल्या क्षेत्रात काम करतो का हे बघतात. ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढण्याचं ते कमी पगाराचं काम तुझ्या दोन्ही गरजांना पुरतं, हाताला सिव्हिल परत लागतं आणि पत्ताही बदलतो.

म्हणून माझं मत विचारशील तर, वडिलांशी बोलून झालं की लगेच जिलाँगच्या त्या माणसाला मेल कर. महिना झालाय, जागा गेलीही असेल. गेली असेल तर बॅलरॅट, बेंडिगो, जिलाँगमधल्या अशाच लहान ठेकेदारांना विचार. दीडशे अर्ज तू मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर टाकलेस, लहान ठेकेदार पोर्टल चालवत नाहीत, ते फोन उचलतात. साइटवर पाय ठेवायला लागणारं व्हाइट कार्ड काढून ठेव, ते एका दिवसाच्या कोर्सवर मिळतं. होकार देण्याआधी पगाराची स्लिप मिळणार का, सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, भरणार का, हे स्पष्ट विचार. जुलै २०२५ पासून मालकाने पगारावर १२ टक्के सुपर भरायचं असतं. कुणी म्हणालं, एबीएन (स्वतःच्या धंद्याचा नंबर) काढ आणि बिल लावत जा, पण वेळ आम्ही ठरवू, काम आम्ही सांगू, तर थांब आणि फेअर वर्क या कामगारांच्या हक्कांच्या सरकारी कार्यालयाला १३ १३ ९४ वर फोन करून विचार. व्हिसा तात्पुरता असला तरी कामगार म्हणून तुझे हक्क तात्पुरते नसतात.

परत येण्याबद्दल तू “तोंड कसं दाखवू” असं लिहिलंस. परत येणं तू शिक्षा म्हणून का बघतोस? परदेशी शिकलास, तिथल्या बांधकामाचे नियम, करार, सुरक्षेची शिस्त तुला माहीत आहे, इंग्रजीत मुलाखत द्यायची भीती गेली आहे, दोन वर्षं हप्ता एकदाही चुकवला नाहीस. पुण्यात परदेशी प्रकल्पांच्या क्वांटिटी काढणारी, बीआयएमची, म्हणजे इमारतीची संगणकावरची, मॉडेल करणारी ऑफिसं आहेत. तिथे ऑस्ट्रेलियन ड्रॉइंग वाचता येणाऱ्या माणसाला किंमत आहे. ज्या दिवशी घरचं खोटं संपेल, त्या दिवसापासून परत येणं तुझ्या डोळ्यांना वेगळं दिसेल. आज ते तुला उघडं पडण्यासारखं वाटतं, म्हणून तू त्याच्याकडे नीट बघूही शकत नाहीस.

एक तारीख ठरव. असेसमेंट, इंग्रजी आणि सीसीएल या दिवाळीच्या आत. पुढच्या वर्षीच्या गुढीपाडव्यापर्यंत नामांकनाची काही चिन्हं नसतील तर परतीची तयारी सुरू, सहा महिने हाताशी ठेवून. शेवटच्या आठवड्यात घाबरून निघालेला माणूस पैसेही सोडून येतो आणि कागदही. निघण्याआधी सगळ्या पगाराच्या स्लिपा, मालकाचं खरं शिफारसपत्र, कराची कागदपत्रं घे. सुपरचे पैसे देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर मागता येतात. त्यावर साधारण ३५ टक्के कर कापला जातो, पण उरतात ते तुझे असतात, आणि कित्येक मुलं ते मागतच नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही एक सांगते, कारण पर्थहून नर्सिंगच्या मुलीची आणि सिडनीहून एका शेफची जवळपास अशीच पत्रं माझ्याकडे आहेत. व्हिसा संपत आला की पुन्हा एखाद्या डिप्लोमाला नाव घालून राहायचं, ही जुनी वाट आता तशी राहिलेली नाही. जुलै २०२४ पासून ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्यांना ऑस्ट्रेलियात बसून नवा स्टुडंट व्हिसा मागता येत नाही, आणि त्या व्हिसाची फी जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झाली. तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांत कुणी एजंट “करून देतो” म्हणाला तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक बघा. लग्न ठरत असेल तर तेही हिशोबात घ्या. अविवाहित असल्याचे १० पॉइंट लग्नानंतर जोडीदाराच्या इंग्रजीवर आणि असेसमेंटवर अवलंबून राहतात. ही गोष्ट दोघांनी आधी एकत्र बसून बोलायची असते.

आणि जे तिकडे स्थिरावले आहेत, घरं घेतली आहेत, मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसतात, त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक मोजले गेले, इंग्लंडखालोखाल. त्यांतली कितीतरी मुलं तुमच्या गणपतीच्या हॉलबाहेर गाडीत बसून परत जात असतील, केवळ तुमच्या पहिल्या प्रश्नाला भिऊन. “कामाला कुठे?” हा प्रश्न दुसऱ्या भेटीसाठी ठेवा. पहिल्या भेटीत विचारा, गाव कुठलं, जेवलास का, प्रसाद घेतलास का. आणि तू, मित्रा, यंदा गणपतीला जा. कुणी विचारलंच तर सांग, वेअरहाऊसमध्ये आहे, रात्रपाळीला. त्या हॉलमध्ये पहिली दोन वर्षं रात्रपाळी केलेली किमान दहा माणसं उभी असतील, आणि त्यांतला एखादा तुला बाजूला घेऊन म्हणेल, “मी पण तिथेच होतो रे.”

तुझ्या झोपेची मला काळजी वाटते. जूनमध्ये मेलबर्नला साडेसात वाजल्यानंतर उजाडतं आणि सव्वापाचच्या आत अंधार पडतो. तू अंधारात जातोस, अंधारातच परत येतोस आणि उजेडाचे तास झोपून काढतोस. तू लिहिलंस की हल्ली आठवडाभर रूममेटशिवाय कुणाशी बोलणं होत नाही आणि जेवावंसं वाटत नाही. हे अंगावर काढू नकोस. उठल्यावर अर्धा तास उन्हात चाल. तुला मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य योजना नाही, पण व्हिसासाठी घेतलेला आरोग्य विमा आहे, त्यावर डॉक्टरला दाखव आणि त्यांना झोपेबद्दल आणि मनाबद्दल दोन्ही सांग. एखाद्या रात्री फारच जड वाटलं तर लाइफलाइन या मदतीच्या हेल्पलाइनला १३ ११ १४ वर फोन कर, तो चोवीस तास चालू असतो. आणि तसं वाटण्याची वाट बघण्याआधी तुझ्या त्या तीन मित्रांना एका रविवारी पिठलं-भात करून बसव. तेही घरी काय सांगतात ते विचार. मला वाटतं, त्या घरात चार जण चार भिंतींना पाठ लावून फोनवर बोलत असतील.

आता फोन कसा करायचा ते. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओवर नको, आणि आई-बहीण-शेजारी सगळे बसलेले असताना नको. वडिलांना एकट्याला सांग. आईला काय आणि कधी सांगायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. त्या मुलीच्या घरी कोण बोलणार, तेही वडिलांनाच विचार. सांगताना सुरुवात “मी चुकलो” इथून कर, “माझी काही चूक नव्हती, इथे नोकऱ्याच नाहीत” इथून नको. मग काय काम करतोस ते नीट सांग. फोर्कलिफ्ट काय असते, किती वजन उचलते, थंडीत दार उघडं असलं की हात कसे गोठतात. यंत्राबद्दल त्यांना ऐकायला आवडेल. जिलाँगचं सांग, मजल्याचे पैसे आता थांबतील हेही त्याच फोनमध्ये सांग. पुन्हा वेगळा फोन करायची हिंमत गोळा करायला लागू नये.

तुझी पाळी सकाळी सहाला सुटते. सध्या तिकडची घड्याळं साडेचार तास पुढे आहेत, म्हणजे तेव्हा तुझ्या शिवारात रात्रीचा दीड वाजलेला असतो. या मे महिन्यात उसाला पाणी लागतंच, आणि रात्रीच्या लाईटीचा आठवडा कुठला ते बहिणीला विचारलंस तर ती सांगेल. त्या आठवड्यातल्या एका पहाटे पार्किंगमध्येच थांब, हाय-व्हिज, कामावरचं ते चमकदार जाकीट, अंगावर असू दे, आणि त्यांना लाव. मोटरीच्या आवाजात पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू यायचं नाही, ते म्हणतील, “थांब जरा, दार मोडतो.” मोडू दे. सरी भरायला वेळ लागतो. ते बांधावर येऊन बसले की सांग.

तुझी,
ताई